कर्नलच्या पोटातले कॉन्फिगरेशन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लिनक्सच्या ‘/बूट’ फोल्डरमध्ये कॉन्फिगरेशनची, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बांधताना निवडलेल्या पर्यायांची, फाइल असतेच. मग तीच माहिती कर्नलमध्ये पुन्हा कशाला घालायची?

ती फाइल कर्नलच्या शेजारी असते, कर्नलमध्ये नसते, आणि घोटाळा होतो तो इथेच. कोणी दोन पर्याय बदलून कर्नल नव्याने बांधला, आवृत्तीचे नाव तेच ठेवले आणि केवळ इमेज (बांधून तयार झालेली कर्नलची फाइल) बदलली, तर शेजारची फाइल जुनीच राहते आणि तपास करणारा चुकीच्या माहितीवर तर्क लढवत बसतो. लिनक्समध्ये ‘आयकेकॉन्फिग’ हा पर्याय चालू केला, की बांधणीत वापरलेली ‘.कॉन्फिग’ फाइल जीझिपने दाबून इमेजमध्येच ठेवली जाते. जोडीला ‘आयकेकॉन्फिग_प्रॉक’ घेतला, तर चालू यंत्रावर ती ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ म्हणून वाचता येते. यासाठी काही किलोबाइट मेमरी खर्ची पडते. जागेची फारच ओढाताण असलेला बोर्ड (एका पट्टीवरचा छोटा संगणक) वगळता हा खर्च टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एकच ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा कोड) आणि एकच सेन्सर, तरी एका बोर्डावर वाचन दुसऱ्यापेक्षा कितीतरी सावकाश होते. कोडमध्ये काही सापडत नाही.

कोडआधी दोन्ही बोर्डांची कॉन्फिगरेशन बाहेर काढा आणि कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘डिफकॉन्फिग’ने त्यांची तुलना करा. काही हजार ओळींपैकी फक्त वेगळ्या ओळी समोर येतील. त्यात ‘एचझेड’ची, म्हणजे टाइमरच्या दर सेकंदाच्या ठोक्यांची, किंमत एकीकडे 1000 आणि दुसरीकडे 100 आहे का, ते प्रथम पाहा. ड्रायव्हर दोन वाचनांमध्ये ‘एमस्लीप’ने 1 मिलिसेकंद थांबत असेल, तर ते थांबणे टाइमरच्या ठोक्यांत मोजले जाते. एचझेड 100 असताना एक ठोका 10 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे 1 मिलिसेकंदाची विनंती प्रत्यक्षात 20 मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकते. 1000 असताना तीच साधारण 2 मिलिसेकंदांत आटोपते. असे निघाले, तर एचझेड वाढवण्यापेक्षा ड्रायव्हरमध्ये ‘यूस्लीप_रेंज’ वापरणे अधिक योग्य, कारण ते या ठोक्यांवर अवलंबून नसते आणि मग तो कोणत्याही कॉन्फिगरेशनवर नीट चालेल.

प्रश्न : यंत्र पॅनिक होऊन (कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीवर थांबून) बंद पडले. हाती फक्त मेमरी डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, आहे. आता कॉन्फिगरेशन कसे मिळवायचे?

‘क्रॅश’ या साधनात डंप उघडून ‘सिस कॉन्फिग’ ही आज्ञा द्या. ‘आयकेकॉन्फिग’ चालू असेल, तर पूर्ण कॉन्फिगरेशन छापून येते. डंपही नसेल आणि नुसती इमेज असेल, तर कर्नलच्या सोर्समधली ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ ही स्क्रिप्ट वापरा. इमेजमध्ये या माहितीच्या सुरुवातीला ‘आयकेसीएफजी_एसटी’ अशी खूण असते. स्क्रिप्ट ती शोधते आणि इमेज दाबलेली असेल, तर आधी ती उलगडून पाहते. मात्र हा पर्याय मॉड्यूल (हवे तेव्हा कर्नलला जोडायचा वेगळा भाग) म्हणूनही बांधता येतो, आणि तसे केले, तर माहिती मुख्य इमेजमध्ये न राहता त्या मॉड्यूलमध्ये जाते. पॅनिकच्या क्षणी ते मॉड्यूल लोड झालेले नसेल, तर डंपमध्ये काहीच सापडणार नाही. म्हणून पर्यायासमोर ‘एम’ नको, ‘वाय’च हवे.

प्रश्न : फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी सोय आहे का?

आहे. तिथे पर्यायाचे नाव ‘इन्क्लूड_कॉन्फिग_फाइल’ असून ‘जेनेरिक’ या सोबत येणाऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये तो असतोच. चालू यंत्रावर ‘सिसकंट्रोल’ने ‘कर्न.कॉन्फटेक्स्ट’ वाचावे, नुसती कर्नलची फाइल असेल, तर ‘कॉन्फिग -एक्स’ पुरते.

प्रश्न : कॉन्फिगरेशन उघड झाल्याने हल्लेखोराचे काम सोपे होत नाही का?

कोणती संरक्षणे बंद आहेत हे त्याला कळते, हे खरे आहे. पण लिनक्सच्या प्रमुख वितरणांच्या कर्नलची कॉन्फिगरेशन मुळातच जाहीर असतात, आणि मॉड्यूलवर सही करण्याच्या किल्लीचाही त्यात केवळ मार्ग असतो, किल्ली नसते. जपायचे ते वेगळेच : ‘सीएमडीलाइन’ या पर्यायात (बूटचे पॅरामीटर कर्नलमध्येच लिहिण्याची जागा) कोणी गुप्त शब्द लिहून ठेवला असेल, तर तोही इमेजसोबत सर्वत्र पोहोचतो. तिथे असे काही लिहूच नये. तरीही धास्ती वाटत असेल, तर ‘आयकेकॉन्फिग’ ठेवून केवळ ‘प्रॉक’चा भाग बंद करा, डंपमधून आणि इमेजमधून माहिती काढण्याची सोय तशीच राहील.

प्रश्न : बग कळवताना एवढी एक फाइल जोडली, की पुरे का?

नाही. कंपायलरची आवृत्ती नव्या कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदलेली असते. पण सोर्समध्ये कोणते पॅच लावले, बूट करताना कोणते पॅरामीटर दिले आणि बाहेरचे एखादे मॉड्यूल लोड झाले का, यांपैकी काहीच त्यात नसते. त्यामुळे ‘/प्रॉक/व्हर्जन’, ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ आणि ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ यांतला मजकूरही जोडावा. बांधताना ‘लोकलव्हर्जन_ऑटो’ चालू ठेवलात, तर गिटमधल्या (सोर्समधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) कमिटची, म्हणजे त्या नोंदीची, खूण आवृत्तीच्या नावातच उमटते आणि नेमका कोणता सोर्स उघडायचा, हे वाचणाऱ्याला विचारावे लागत नाही.