तुमच्या पाहण्यातला असा साधा माणूस कोण, ज्यानं गाजावाजा न करता गावासाठी खूप केलं?

प्रश्न वाचला आणि दुसरं कुणी डोळ्यासमोर आलंच नाही, माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तासगावला एसटीत कंडक्टर होते, घरात आई, आजी, आम्ही दोघी बहिणी, पगार बेताचा. ड्युटीवरून आले की खाकी शर्ट खुंटीला, मग आमच्या वह्यांना कव्हरं घालणं, आजीचे पाय चेपणं, चारचौघांसारखंच सगळं. पण गावात कुणी गेल्याचं कळलं की अण्णा त्या दारात असायचे, आणि डोळे मागायचे.

सुरुवात कशी झाली तर त्यांच्या मिरज गाडीला एक पोरगा असायचा, डोळ्यात फूल पडलेलं, आईचा पदर धरून चढायचा. त्याची आई एकदा म्हणाली, डॉक्टर म्हणतात डोळ्याचा वरचा पडदा बदलला तर दिसेल पण तो मेलेल्या माणसाचाच लागतो, कोण देतंय. हे अण्णांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. सुट्टीच्या दिवशी नेत्रपेढीत जाऊन सगळं विचारून आले.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, त्यामुळे उद्या बघू म्हणायची सोयच नाही. आणि माणसानं जिवंतपणी फॉर्म भरला असला तरी शेवटी घरच्यांची सही लागते, तिथंच सगळं अडतं. अण्णा आधी कामाला लागायचे, बांबू आणायचे, मडकं आणायचे, आणि मग घरातला जो जरा सावरलेला दिसेल त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचे. एकदाच. नाही म्हटलं तर "बरं" म्हणून परत सुतळी बांधायला बसायचे, तोंड वाईट करायचे नाहीत. हो म्हटलं तर पहिलं काम पंखा बंद, कारण वाऱ्यानं बुबुळ सुकतं. पापण्या मिटवून वर ओल्या कापसाचे बोळे, डोक्याखाली उशी. लोकांना वाटायचं चेहरा विद्रूप होईल, म्हातारे म्हणायचे मला चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मग माझे कसे चालतील. चालतात हो! अर्ध्या तासात काम होतं, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि एका माणसाचे दोन डोळे दोन वेगळ्या माणसांना बसवता येतात. हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्हा बहिणींना लहानपणीच पाठ झालं होतं.

नेत्रपेढीची टीम रात्री दोन-तीनलासुद्धा यायची आणि मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून आई थर्मास भरून द्यायची. निळा, झाकणाला चीर गेलेला. अण्णा तो सायकलला अडकवून न्यायचे.

त्यांची एक वही होती, एसटीत वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, लिहायचे तशाच बारीक अक्षरात. तारीख, गल्ली, वेळ, आणि शेवटी "हो" किंवा "नाही". पानंच्या पानं "नाही" आहेत. त्यातला एक "नाही" आमच्या घरचा. आजी म्हणायची डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळी होईन. अण्णांनी वर्षानुवर्षं समजावलं, ती ऐकली नाही. ती गेली तेव्हा लोकांना वाटलं आता आईचे देणारच, ती काय उठून नाही म्हणणार आहे? पण अण्णांनी फोन केला नाही. ती नको म्हणाली होती, एवढंच बोलले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर त्या दिवशी वाटला, आजही वाटतो.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. रात्री झोपेतच, अटॅक. डॉक्टर बघून गेले आणि मी ओरडून रडायला लागले तर आईनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, आधी पंखा बंद कर. कापूस तिनंच भिजवला. नंबर कपाटाच्या दारावर अण्णांच्याच अक्षरात चिकटवलेला होता. मिरजेहून जे आले ते अण्णांना कित्येक वर्षं ओळखणारे, ते आधी पायाशी नुसते बसून राहिले, मग बॅग उघडली. सही आईनं केली.

तेवढ्यात शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या, फळीवरचा निळा थर्मास घेऊन गेल्या आणि भरून आणून त्यांच्यासमोर ठेवला.