बारावीनंतर थेट म्युझिक थेरपीची पदवी करता येते का?

मुलगी फोंड्याला बारावीत आहे, पेटी छान वाजवते आणि पदवी करायची तर म्युझिक थेरपीचीच, म्हणजे संगीतातून उपचाराचीच म्हणते, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच वाटेने गेलेय म्हणून लिहिते.

माझ्या वेळी गोव्यात अशी पदवी नव्हती. आपल्या देशात हा विषय अजूनही बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा डिप्लोमा म्हणूनच शिकवतात. अमेरिकेत मात्र चार वर्षांची पदवी आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाने ती १९४४ सालीच सुरू केली. अमेरिकेत अशा पदवीला वाद्य वाजवून दाखवल्यावर प्रवेश, मग अभ्यासाबरोबर किमान १२०० तास प्रत्यक्ष काम, आणि शेवटी परीक्षा. खर्च तुम्ही बघालच. इंग्लंडात नोंदणीसाठी मास्टर्सच लागतं, म्हणजे पदवी इथे करून जाता येतं.

मी मानसशास्त्रात बी.ए. केलं, सोबत पेटीत विशारद, मग डिप्लोमा. पणजीत आल्तिनोवर संगीत महाविद्यालय आहे, तिथून संगीताची पदवी घेऊनही पुढे जाता येईल. पण तिचा हात आधीच तयार असेल तर मी मानसशास्त्रच सांगेन. क्लास मात्र सुटता कामा नये. बारावीनंतर एकदा पेटी माळ्यावर गेली की खाली येत नाही, हे आमच्या घरात दोनदा झालंय.

आणि 'अमुक आजारावर तमुक राग' असले तक्ते फिरतात, त्यांच्या नादी लागू देऊ नका. मीही लागले होते. एका वृद्धाश्रमात पहिल्याच दिवशी पेटी उघडून झोकात भैरवी सुरू केली, तर समोरच्या आजोबांनी दोन्ही कान दाबून धरले. कानात मशीन होतं, पेटीचा सूर त्यात कर्कश्श घुमत होता. मी ते विचारलंच नव्हतं.

तिथेच पेडण्याकडच्या एक आजी होत्या. पक्षाघातानंतर त्यांना बोलता येत नव्हतं, 'व्हय' सुद्धा धड निघेना. पुढच्या खेपेला मी नुसती जेवणाच्या ताटावर बोटांनी लय धरली आणि धालोची, म्हणजे गावच्या बायका मांडावर (गावातल्या ठरलेल्या अंगणात) नाचत म्हणतात त्या गाण्याची, एक ओळ म्हटली. आजींचे पाय चादरीखाली हलायला लागले, मांडावर ओळीने पुढे-मागे जातात तसे. तिसऱ्या फेरीला ओळीचा शेवटचा शब्द त्यांनी म्हटला. अख्खा! यात चमत्कार काही नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणं जातं, पण गाणं कित्येकदा शाबूत राहतं. त्याचा धागा धरून शब्द परत आणायची रीतसर पद्धत १९७० च्या दशकात बसवली गेली. ती शिकायला वेळ लागतो, आणि आजी काही लगेच बोलायला लागल्या नाहीत. आठ महिन्यांनी नातवाला नावाने हाक मारली, एवढंच.

मेच्या सुट्टीत तिला एखाद्या वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत रोज तासभर पाठवा. पहिला आठवडा पेटी घरीच राहू दे. तिथला वास, आरडाओरडा, तेच तेच प्रश्न सोसून ती दुसऱ्या सोमवारी आपणहून निघाली, तर फॉर्म भरा.