गावचा दंड आणि कायद्याची शिक्षा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ग्रामसभेने तुला वन समितीचा सचिव केलं, फार आनंद झाला. 2009 मध्ये मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून गडचिरोलीत गावाचं जंगल सांभाळणारी पोरं तयार होत आहेत. त्यांत आता तू. म्हणून शिकारीबद्दल आत्ताच लिहितो.

वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मोहफूल दिलं, तळ्या-नदीतले मासेही दिले. पण वन्यप्राण्याची शिकार आणि फासे लावणं त्याच कायद्याने हक्कांतून स्पष्ट वगळलंय. जुनी माणसं पारधीच्या आठवणी सांगतील, त्या आदराने ऐक. पण बापजाद्यांची रीत कोर्टात कामी येत नाही.

माशांचं सोपं आहे. चढणीच्या दिवसांत, म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा, जाळं नको, डोहात विष कालवायचं नाही, हे ग्रामसभेने ठरवावं आणि मोडणाऱ्याकडून दंड घ्यावा. तो अधिकार गावाचा आहे, बिनधास्त वापर.

घोरपडीचं तसं नाही. कुणी घोरपड मारली की गाव म्हणेल, हजार रुपये घ्या आणि विषय मिटवा. मिटवू नकोस. घोरपड, खवल्या मांजर, वाघ, बिबट हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधले प्राणी. त्यांच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. असा गुन्हा खुद्द वनखात्यालाही तडजोडीत मिटवता येत नाही, तिथे ग्रामसभेची पावती काय कामाची? उलट गुन्हा लपवला म्हणून समितीच अडचणीत यायची. बाकीच्या संरक्षित प्राण्यांसाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोटारसायकल जप्त झाली तर ती सोडवताना जीव जातो, हे पोरांना आधी सांग. कैदेपेक्षा ते त्यांना लवकर पटतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती करंटची वाटते. धानाच्या बांधीभोवती खुंट्या ठोकायच्या, त्यांवरून गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढायची आणि रात्री लाइनवर आकडा टाकायचा. बेत रानडुकराचा असतो, पण तार डुक्कर आणि वाघ ओळखत नाही. पहाटे मोहाला निघालेली बाईही ओळखत नाही. वाघ गेला तर वर लिहिलेली शिक्षा, वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचं कलम. डुकरांनी पीक फस्त केलं तर पंचनामा करून भरपाई मागता येते, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली डुक्कर मारण्याच्या परवानगीचा अर्जही करता येतो. हे अर्ज तू लिहून दे. लोक तार लावतात त्याचं निम्मं कारण अर्ज लिहायला कुणी नसतं, असं माझं मत आहे.

अस्वल अंगावर आलं आणि जीव वाचवताना मारलं गेलं, तर तो गुन्हा नाही. मात्र तो माणूस त्या वेळी फासे लावत असेल, तर ही सवलत गेली.

आता जबाबाचं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे पोरांना सिनेमामुळे ठाऊक असतं. वन्यजीव कायद्यात मात्र सहायक वनसंरक्षकाने आरोपीच्या हजेरीत नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरला जाऊ शकतो. म्हणून कुणाला रेंजवर, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयात, नेलं की तू सोबत जा. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, लिहिलेलं माडियात किंवा गोंडीत समजावून घेतल्याशिवाय सही करायची नाही. अपराध असला तरी माणूस आपला आहे, त्याला एकटं सोडायचं नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज त्याच दिवशी जाऊ दे, आणि त्याची पोच घेऊन समितीच्या फाइलला लाव.