रोबोटिक शस्त्रक्रिया करणारे सर्जन सुरक्षितपणे कसे तयार होतात?

आपल्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि डॉक्टर हे यंत्र शिकतात कुठे, अशी आपली शंका आहे. मी मूत्रविकार शल्यचिकित्सक असून हे प्रशिक्षण घेतलेले आहे.

यंत्र चालवणे हा शिकण्यातला सोपा भाग. कन्सोलवर, म्हणजे यंत्राचे हात जिथून चालवले जातात त्या नियंत्रण-आसनावर, बसून दोन्ही हात, पायांखालची पेडल्स आणि त्रिमितीय दृश्य यांचा मेळ सिम्युलेटरवर बसवता येतो. कठीण असते ते स्पर्शाविना काम करणे. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या ज्या पिढ्यांवर आम्ही शिकलो, त्यांत चिमट्यात धरलेला भाग किती ताणला गेला आहे हे बोटांना कळत नाही. तो फिकट पडतो आहे का, गाठ आवळताना त्याची कड दुमडते आहे का, हे पाहून जोराचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा लागतो. सरावाच्या टेबलावर माझ्या हातून पुष्कळ धागे तुटले. ते तिथेच तुटायला हवे होते.

पुढे मृतदेहावर किंवा प्राण्यावर सराव होतो, मग रुग्णाशेजारी उभे राहून साहाय्य करणे, आणि त्यानंतरच कन्सोल. तोही टप्प्याटप्प्याने मिळतो: आधी मूत्राशय आजूबाजूच्या भागांपासून सुटे करणे, आणि लैंगिक क्षमतेशी निगडित मज्जातंतू वाचवण्याचे काम अगदी शेवटी. दुहेरी कन्सोल असल्यास मार्गदर्शक त्याच क्षणी सूत्रे स्वतःकडे घेऊ शकतो.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे 2015 मध्ये रोबोटच्या साहाय्याने हृदयाची झडप दुरुस्त करताना गुंतागुंत झाली आणि पुढे तो रुग्ण दगावला. शस्त्रक्रिया पूर्ण होण्याआधीच मार्गदर्शक तज्ज्ञ निघून गेले होते, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. अशी वेळ कोणत्याही रुग्णावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

शिवाय कन्सोलवरचा सर्जन रुग्णापासून दूर असतो आणि त्याचे हात निर्जंतुक केलेले नसतात. अचानक रक्तस्राव झाल्यास उपकरणे काढून यंत्राचे हात बाजूला करणे आणि पोट उघडण्याची तयारी करणे हे सहायक, परिचारिका व भूलतज्ज्ञ यांच्यावर येते, म्हणून त्याची रंगीत तालीम संपूर्ण पथकाने करायला हवी.

तेव्हा आपल्या सर्जनना केवळ शस्त्रक्रियांचा आकडा विचारू नका. यातले कोणते टप्पे ते स्वतः करतात, सुरुवातीला त्यांच्यासोबत कोण होते आणि पथकाने अशी तालीम शेवटची कधी केली, हेही विचारा.