ताडोबाला जाताना नागपुरात दोन दिवस मिळतायत. शहरात पाहण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि दोन दिवस कमीच पडतील. नागपूरला लोक स्टेशन-विमानतळापुरतं ओळखतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी तर्री पोहे खा. पोह्यांवर काळ्या चण्याची झणझणीत तर्री ओततात, वर कच्चा कांदा. ठेल्याभोवती उभ्याउभ्या खाताना जे कानावर पडतं, त्यातूनच शहर कळायला लागतं.

मग दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथेच बौद्ध धम्म स्वीकारला. पांढऱ्या स्तूपाच्या आत घुमटाखाली थोडा वेळ शांत बसा, घाई करू नका.

दुपारी अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवार टाळा. संध्याकाळी महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्या पायीच फिरा. भोसल्यांची जुनी राजधानी या गल्ल्यांतच सापडते. रात्री सावजी जेवण, पण तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

सीताबर्डीत मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, तिथे मुक्काम सोयीचा. एप्रिल-मे मात्र नको. आणि सीताबर्डीचा किल्ला बघायचा असेल तर 26 जानेवारी, 15 ऑगस्ट किंवा, ऊन सोसत असेल तर, 1 मे गाठा. लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी तो बंद असतो.