धरणात एवढं पाणी साठतं, मग नदीतले मासे कमी का होतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. धरणामागे इतकं पाणी असतं, तिथे मासेमारीही जोरात चालते, मग धरणांनी मासे संपतात असं का म्हणतात? आणि भिंतीला माशांसाठी जिना, म्हणजे फिश लॅडर, बांधला की काम भागत नाही का?

नदीतले मासे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नवं धरण भरलं की पहिली काही वर्षं मासळी खरोखर वाढते. बुडालेलं गवत, झाडझाडोरा, शेतातली माती यांतून पोषकद्रव्यं सुटतात, त्यांवर शेवाळ आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि ते खाणारे मासे फोफावतात. पुढे हा साठा सरतो आणि उत्पादन उतरतं. दरम्यान, खळाळत्या पाण्यात खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे मासे तिथून नाहीसे झालेले असतात. उरतात ते साठलेल्या पाण्यात रमणारे, तिलापियासारखे, बऱ्याचदा माणसानेच सोडलेले. जाळं जड लागतं, म्हणून बाजारात मासळी बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. जलाशयातल्या उत्पादनाचे आकडे दाखवून नदी ठणठणीत आहे असं कोणी म्हणालं, की म्हणूनच मला फार वाईट वाटतं.

वाट अडणं हे सगळ्यांना समजतं. गंगेतला हिलसा समुद्रातून पार प्रयागराजच्याही वर चढून यायचा. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधला फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतली हिलशाची मासेमारी जवळजवळ संपली. चीनच्या यांगत्से नदीतल्या पॅडलफिशचं तर नावच पुसलं गेलं. हा प्रचंड मासा वाढायचा खालच्या पाण्यात आणि अंडी घालायला वरच्या भागात जायचा. १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने नदी मधोमध तोडली. बेसुमार मासेमारीने त्याची संख्या आधीच घटली होती, हेही सांगायला हवं. पण मासेमारीतून वाचलेल्यांना अंडी घालायच्या जागी पोचता आलं नाही, तर पुढची पिढी येणार कुठून? शेवटचा जिवंत पॅडलफिश २००३ मध्ये दिसला आणि २०२२ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

पण जे मासे फार लांब जात नाहीत, त्यांचंही धरणाखाली बिनसतं. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तळाचं थंडच राहतं. त्यात प्राणवायूही कमी असतो. पाणी सोडायची मोरी बहुधा खालच्या पातळीवर असते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात खालच्या नदीला गार पाणी मिळतं. अंडी कधी घालायची हे मासा पाण्याच्या तापमानावरून आणि चढत्या पाण्यावरून ओळखतो, आणि धरण या दोन्ही खुणा पुसतं. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर १९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरण झालं. उन्हाळ्यात कोमट होणारी ती गढूळ नदी धरणाखाली वर्षभर थंड आणि नितळ वाहू लागली. दिसायला सुंदर, पण तिथल्या मूळच्या माशांना ती मानवली नाही. पाइकमिनो नावाचा मोठा शिकारी मासा ग्रँड कॅनियनमधून गेला आणि हम्पबॅक चब हा मासा मुख्यतः एका उबदार उपनदीच्या आसऱ्याने टिकला.

चढत्या पाण्याचं महत्त्व आपल्या ओळखीच्या माशांवरूनही कळतं. कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालतात. तळ्यातल्या संथ पाण्यात मादीच्या पोटात गाभोळी भरते, पण ती सहसा अंडी सोडत नाही. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) यांच्या अंड्यांची गरज आणखी वेगळी. त्यांची अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत प्रवाहात तरंगत राहावी लागतात. वाटेत जलाशयाचं थांबलेलं पाणी लागलं की ती तळाला बसतात आणि गाळाखाली गुदमरतात.

वाळू आणि गोट्यांचंही तसंच. धरण गाळ अडवतं आणि खाली गाळ नसलेलं, म्हणून भुकेलं पाणी सोडतं. ते पात्रातली बारीक रेती ओढून नेतं, मागे मोठे दगड उरतात. रेतीत खळगा करून अंडी घालणाऱ्यांना मग जागाच राहत नाही.

वीजनिर्मितीच्या धरणाखाली मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याही अहवालात नीट दिसत नाही. विजेची मागणी वाढली की टर्बाइन चालू, पाणी वाढतं; मागणी ओसरली की टर्बाइन बंद आणि बघता बघता काठ उघडा पडतो. बोटाएवढी पिल्लं जोराच्या धारेपासून लांब, काठाच्या उथळ पाण्यात राहतात. पाणी उतरलं की ती गोट्यांमधल्या ताटाएवढ्या डबक्यांत अडकतात. आधी ती डबक्यात गोल गोल फिरतात, मग पाणी तापलं की वर येऊन तोंडं उघडमीट करतात. नदी तिथून हाकेच्या अंतरावर वाहत असते. बगळ्यांना ही जागा चांगली ठाऊक असते. संध्याकाळी पुन्हा पाणी येतं, डबकी झाकली जातात आणि काय गेलं ते कोणालाच दिसत नाही.

सांडव्याखाली आणखी एक प्रकार होतो. उंचावरून कोसळणारं पाणी हवा सोबत घेऊन खोल डोहात जातं, तिथल्या दाबाखाली नायट्रोजन प्रमाणाबाहेर विरघळतो आणि उथळ पाण्यात आलेल्या माशाच्या अंगात त्याचे बुडबुडे होतात. परांच्या काट्यांमधल्या पातळ पडद्यात ते मण्यांसारखे दिसतात. कल्ल्यांत किंवा रक्तवाहिन्यांत झाले तर मासा मरतो.

आता जिना. तो काही ठिकाणी चांगला चालतो. समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारा सॅमन जोरदार पोहतो, उडी मारतो, म्हणून त्याच्या नद्यांवरच्या धरणांवर पायऱ्यापायऱ्यांच्या टाक्यांतून तो वर चढतो. मात्र आधी माशाला जिन्याचं तोंड सापडायला हवं, आणि मासा जातो मोठ्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे टर्बाइनच्या पाण्याकडे. जिन्याचं पाणी त्या मानाने क्षीण. शिवाय सॅमनसाठी आखलेला जिना तळाशी सरपटत जाणाऱ्या किंवा उडी न मारणाऱ्या माशाच्या काय कामाचा? थायलंडमधलं पाक मून धरण १९९४ मध्ये पूर्ण झालं. मेकाँगच्या या उपनदीत शेकडो जातींचे मासे. तिथला जिना त्यांतल्या बहुतेकांच्या उपयोगी पडला नाही. पुढे काही काळ दरवाजे उघडे ठेवल्यावर मात्र मासे वर गेले.

आणि वर चढलेल्यांच्या पिल्लांना परत खाली यायचं असतं, हे तर विसरूनच जातात. जलाशयात प्रवाह नसल्याने त्यांना दिशा कळत नाही. टर्बाइनमधून गेली तर पात्यांचा मार बसतो, आणि दाब क्षणात घटल्याने पोटातली हवेची पिशवी फुटते. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवर सॅमनची पिल्लं बोटींत आणि ट्रकांत भरून धरणांच्या खाली नेऊन सोडतात, इतकी ही अडचण खरी आहे.

धरण काढलं तर? अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली आणि सुमारे शंभर वर्षं अडलेले सॅमन वर जाऊ लागले. क्लॅमथ नदीवरच्या चार धरणांचं काम २०२४ मध्ये संपलं आणि त्याच शरद ऋतूत सॅमन वरच्या भागात पोचले.

पिण्याचं पाणी आणि सिंचन ज्यांच्यावर अवलंबून आहे अशी धरणं कोणी पाडणार नाही, आणि तसं मी सुचवतही नाही. पण चालवण्याच्या पद्धतीत बराच वाव आहे. पाणी वेगवेगळ्या पातळ्यांवरून उचलता येईल असे दरवाजे बसवले तर तापमान जुळवता येतं. अंडी घालायच्या दिवसांत नैसर्गिक पुराच्या वेळेला धरून पाणी सोडता येतं. आणि टर्बाइन एकदम बंद न करता विसर्ग हळूहळू कमी केला, तर काठावरच्या पिल्लांना उतरत्या पाण्याबरोबर मुख्य धारेत जायला वेळ मिळतो. तुमच्या माहितीत कोणी धरणाच्या संचालनाशी संबंधित असेल, तर आधी हे शेवटचं विचारून पाहा: विसर्ग किती वेळात खाली आणतात?