दर शुक्रवारी डिक्टेशन आणि दहापैकी तीन

"ताई, माझा मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम, आम्ही डोंबिवलीला राहतो. दर शुक्रवारी दहा शब्दांचं डिक्टेशन असतं. गुरुवारी रात्री मी एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेते, तो रडतो, मी ओरडते, आणि मार्क तीन नाहीतर चार. 'सेड' लिहितो एस-ई-डी, 'कम' लिहितो के-ए-एम, 'नाइट' लिहितो एन-ए-आय-टी. घरी मराठीच बोलतो म्हणून मागे पडतोय का?"

ताई, आधी या तीन चुका परत नीट बघा. पोरगं अंदाजपंचे काहीही लिहीत नाहीये हो, ऐकलेल्या आवाजाला बरोब्बर अक्षरं लावतंय. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करतो तेव्हा 'कम'ला के-ए-एमच लिहू ना! मराठीत ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर बोललं तसं लिहून बरंचसं भागतं, इंग्रजीत अक्षरं 26 आणि उच्चार चाळीसच्या वर, तिथे हे गणित फसतं. त्यामुळे घरातलं मराठी अजिबात बंद करू नका, त्याचा कान चांगला तयार झालाय.

ते दहा वेळा लिहिणं मात्र आजच थांबवा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर नुसता हात चालतो, आणि पहिल्यांदाच चुकलं असेल तर तीच चूक गिरवली जाते.

यादी मिळाली की त्याच दिवसापासून रोज दोन-तीनच शब्द घ्या, दहा मिनिटं, बास. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग उघडून त्यानेच तपासायचा, तुम्ही लाल पेन घेऊन बसू नका. अख्खा शब्द चुकला असंही म्हणू नका, 'नाइट'मधे एन आणि टी त्याचे बरोबरच आहेत, अडकतंय ते मधलं आय-जी-एच. तेवढंच रंगीत पेन्सिलने लिहा आणि खाली लाइट, राइट, फाइट, टाइट मांडा, एका शब्दाच्या मेहनतीत पाच शब्द पदरात पडतात. 'पे'चं पेड होतं पी-ए-आय-डी, तसंच 'से'चं एस-ए-आय-डी, फक्त म्हणताना 'सेड' म्हणायचं, हे दाखवलंत की तो शब्द सुटेल. वेन्सडेला घरात मुद्दाम वेड-नेस-डे म्हणा, मुलांना मजा येते आणि मधला डी विसरत नाहीत. 'कम'सारखे हट्टी शब्द फ्रीजवर चिकटवा, पण एका वेळी दोनच. गुरुवारी रात्री फक्त एकदा नजर फिरवायची आणि झोपायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओरडणं थांबवा ताई, घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही, शुक्रवारी तीनाचे चार झाले तरी तोंडभरून कौतुक करा.

डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, फळ्यावरचं धूसर दिसत असेल तर मुलं आपणहून सांगत नाहीत. दोन-तीन महिने असं करूनही सोपे शब्द वाचतानाच अडखळत असेल, काल आलेलं आज पार पुसलं जात असेल, मराठी वाचतानाही तेच होत असेल, तर त्याच्या बाईंशी बोला आणि लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं शिकताना सतत अडचण येते त्याची, तपासणी करून घ्या. तुम्हाला सायनचं लोकमान्य टिळक हॉस्पिटल लोकलने गाठता येईल, तिथे यासाठी वेगळं क्लिनिक आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही याचा समावेश आहे, त्यामुळे गरज पडलीच तर शाळेकडे सवलत मागताना संकोच करू नका. पण तुम्ही लिहिलेल्या चुकांवरून तरी मला आत्ताच तसं काही वाटत नाही, आधी या सोमवारपासून दोन शब्द घेऊन बसा.